नवी विंडोज टाकताय? या चुका टाळा

दादरच्या एका कापड दुकानात ऐन लग्नसराईत बिलाचा प्रिंटर बंद पडला. आदल्या रात्री भाच्याने फॉरमॅट मारून, म्हणजे डिस्क पुसून, विंडोज ११ टाकली होती. "भाऊ, भंगार आहे ही नवी विंडोज, जुनीच टाका," मालक वैतागून म्हणाले. काउंटरवर गिऱ्हाइकं ताटकळत होती आणि बिलं हाताने लिहिणं चालू होतं.

प्रिंटर धड होता, विंडोजही धड होती. त्यांच्याकडच्या सीडीवरचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरला विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर, मात्र ३२ बिटचा, जुन्या धाटणीच्या विंडोजसाठीचा होता. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते आणि ३२ बिटचा ड्रायव्हर घेतच नाही. म्हणून पहिली चूक हीच धरा: प्रिंटर, स्कॅनर आणि टॅलीसारख्या (हिशेबाच्या) रोजच्या सॉफ्टवेअरचं आधी न बघणं. डीटीपीवाल्यांनी (संगणकावर छपाईची पानं लावणाऱ्यांनी) तर जुन्या फॉन्टचं पॅकेज आणि डोंगल (सॉफ्टवेअर चालू होण्यासाठी मशीनला लावायची किल्ली) चालतंय की नाही, हे दुसऱ्या मशीनवर बघितल्याशिवाय हात लावू नये.

२००७ साली व्हिस्टा या विंडोजच्या आवृत्तीचं असंच झालं. तिने ड्रायव्हरची रचना बदलली, हार्डवेअरवाल्यांची तयारी नव्हती, आणि लोकांनी ती ५१२ एमबी रॅमवर चढवली. २००९ ला आलेली विंडोज ७ त्याच पायावर उभी होती. पण तोवर ड्रायव्हर तयार झाले होते, मशीनही दमदार झाल्या होत्या, आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. दोष नेहमी आपलाच असतो असं मात्र नाही. विंडोज ८ मधून स्टार्ट बटण काढणं ही सरळसरळ कंपनीची चूक होती. माणसाच्या हाताला वर्षानुवर्षांची सवय असते, ती अशी तोडू नये. २०१३ मध्ये ८.१ आणताना ते बटण परत द्यावंच लागलं.

दुसरी चूक, पहिल्याच दिवशी "स्लो आहे" म्हणून निकाल देणं. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्क १०० टक्क्यांवर दिसली तर अपडेट उतरत असतात, सर्चची यादी बनत असते. एक-दोन दिवस जाऊ द्या. त्यानंतरही तेच असेल आणि आत जुनी हार्डडिस्क असेल, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क) आणून बसवा. ४ जीबी रॅम कागदावर चालते, कामाला ८ हवीच.

आणि फॉरमॅटची घाई नको. विंडोज १० वरून अपग्रेड केलं, तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून १० दिवसांत मागे जाता येतं. फॉरमॅट मारला की ती वाट बंद.

दुकानात तसंच झालं होतं. प्रिंटर कंपनीच्या साइटवर ६४ बिटचा ड्रायव्हर सापडला, वीस मिनिटांत पहिलं बिल निघालं. तोवर दोन गिऱ्हाइकं मात्र निघून गेली होती.