दुर्मिळ ट्रेडिंग कार्डावर हाताने चित्र रंगवताना

संग्राह्य कार्डावरील मूळ चित्र चौकटीपलीकडे वाढवणे, त्यातील दिवसाची रात्र करणे किंवा त्यात एखादी नवी आकृती बसवणे या कामाला खेळाडू आणि संग्राहक ‘आल्टर’ म्हणतात. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा कार्डांचा खेळ १९९३ मध्ये बाजारात आला आणि हाताने रंगवलेल्या कार्डांची परंपरा प्रामुख्याने त्याच्याभोवतीच वाढली, म्हणून येथील उदाहरणे त्याच खेळातील आहेत. हे कार्ड सुमारे ६३ बाय ८८ मिलिमीटर आकाराचे आणि जेमतेम ०.३ मिलिमीटर जाडीचे असते. आत कागदाचे थर आणि वर गुळगुळीत लेप अशी त्याची रचना असल्यामुळे कागदावर किंवा कॅनव्हासवर लागलेल्या बऱ्याचशा सवयी येथे बाजूला ठेवाव्या लागतात.

पहिला निर्णय कार्डाच्या निवडीचा आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. रंगवलेल्या कार्डाला दर्जा ठरवणाऱ्या संस्था साधारणपणे आकडी श्रेणी देत नाहीत. त्यामुळे कोरी करकरीत, जपून ठेवलेली दुर्मिळ प्रत कधीही रंगवू नये. १९९६ मध्ये जाहीर झालेल्या ‘रिझर्व्ह्ड लिस्ट’मधील कार्डे पुन्हा छापली जाणार नाहीत, अशी प्रकाशकांची भूमिका आहे. अशा कार्डाच्या मोजक्याच प्रती उरलेल्या असतात. रंगवायचेच असेल, तर कडा झिजलेली, खेळून वापरलेली प्रत घ्यावी. तिचे सौंदर्य वाढते आणि चांगली प्रत चांगलीच राहते. कार्ड दुसऱ्याचे असेल, तर मूळ किंमत कमी होण्याची शक्यता त्याला आधीच स्पष्ट सांगून त्याची लेखी संमती घ्यावी.

कार्डाची सत्यताही कुंचला उचलण्यापूर्वीच तपासून घ्यावी. प्रखर दिव्यासमोर धरून आरपार येणारा प्रकाश पाहणे ही खरे-खोटे ओळखण्याची एक प्रचलित पद्धत आहे आणि रंगाचा थर चढला की ती निरुपयोगी होते. मागील बाजूच्या छपाईतील ठिपके भिंगाखाली पाहूनही खात्री करता येते. तेवढ्यासाठी तरी मागील बाजूला रंगाचा थेंबही लागू देऊ नये.

साहित्य फारसे लागत नाही. चांगल्या प्रतीचे ॲक्रिलिक रंग, टोक न फुटणारे शून्य आणि तीन-शून्य क्रमांकाचे कुंचले, ओलसर पॅलेट, पांढरा खोडरबर, टूथपिक आणि थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल एवढे पुरे. जिथे रंग द्यायचा आहे तेवढाच भाग खोडरबराने हलकेच घासावा, म्हणजे लेपाची चकाकी कमी होऊन रंगाला पकड मिळते. त्यानंतर अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या कापडाने बोटांचा तेलकटपणा टिपून घ्यावा. त्याच छपाईच्या एखाद्या स्वस्त कार्डावर हे आधी करून पाहावे. फॉइल कार्डावर, म्हणजे धातूसारखा चमकदार थर असलेल्या कार्डावर, रंग सहज खरवडून निघतो आणि दमट हवेत ते वाकतेही, म्हणून सुरुवात साध्या कार्डानेच करावी.

खरी कसोटी रंग जुळवण्यात आहे. ॲक्रिलिक रंग ओला असताना त्यातील माध्यम दुधाळ दिसते आणि वाळल्यावर पारदर्शक होते, त्यामुळे वाळलेली छटा नेहमी थोडी गडद येते. पॅलेटवर अगदी जुळलेला आकाशाचा निळा कार्डावर पट्ट्यासारखा उठून दिसतो, तो याच कारणाने. यावर एक खात्रीचा उपाय आहे. कार्ड पारदर्शक स्लीव्हमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पाकिटात, घालावे, मिश्रणाचा छोटा ठिपका स्लीव्हवरच, जिथे छापील रंग संपतो त्या कडेवर द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. मग हातभर अंतरावरून, दिवसाच्या उजेडात पाहावे. ठिपका वेगळा ओळखू येत नसेल तरच ते मिश्रण कार्डावर न्यावे. भिंगातून जुळवण्याचा मोह टाळावा, कारण छापील चित्र रंगीत ठिपक्यांचे बनलेले असते आणि जवळून पाहिल्यास त्यात एकसंध छटा सापडतच नाही. काळ्या चौकटीसाठीही ट्यूबमधील काळा जसाच्या तसा वापरू नये. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन ब्लू मिसळून केलेला काळा छापील काळ्याच्या अधिक जवळ नेता येतो, कारण तो हवा तसा उबदार किंवा थंड करता येतो.

चित्र चौकटीवर वाढवताना क्षितिज, फांदी, वस्त्राची घडी अशा रेषा आधी पातळ रंगाने बाहेर न्याव्यात. मग मधल्या छटेचे दोन-तीन पातळ थर द्यावेत आणि प्रत्येक थर स्वतःहून वाळू द्यावा. हेअर ड्रायरच्या उष्णतेने कार्ड वाकते. कुंचल्यात पाणी कमीच असावे, कारण झिजलेल्या कडेतून ते आत शिरले तर कागद फुगतो आणि तो पुन्हा पूर्ववत होत नाही. सांधा लपवण्यासाठी रंग छापील चित्रात एक-दोन मिलिमीटर आत न्यावा आणि तिथे सलग रेषेऐवजी तुटक फटकारे द्यावेत. सावल्या आणि उजळ भाग सर्वांत शेवटी करावेत. चूक ओली असेल तर ओलसर इअरबडने पुसता येते. वाळलेला रंग अल्कोहोलने मऊ करून टूथपिकने अलगद काढावा.

स्पर्धेत वापरायचे असल्यास कार्डाचे नाव आणि मूल्यचिन्हे (ते कार्ड खेळण्यासाठी खेळात काय मोजावे लागते हे दाखवणारी चिन्हे) झाकू वा बदलू नयेत, मूळ चित्र ओळखू यावे आणि त्यात डावपेचांची सूचना किंवा आक्षेपार्ह प्रतिमा नसावी, असे अधिकृत नियम सांगतात. अंतिम निर्णय मुख्य पंचाचा असतो, म्हणून सामन्यापूर्वीच कार्ड त्यांना दाखवावे. याहून गंभीर गोष्ट प्रामाणिकपणाची आहे. जुन्या पांढऱ्या चौकटीच्या आवृत्तीची चौकट काळी रंगवणे ही सुंदर कला आहे, परंतु ते कार्ड आधीच्या, अधिक मौल्यवान आवृत्तीचे म्हणून विकणे ही फसवणूक आहे. विक्री करताना कार्ड रंगवलेले असल्याचे नेहमी लिहून द्यावे. मूळ चित्रकाराचे छापील नाव उघडे ठेवावे आणि आपली सही त्यापासून दूर, नव्या रंगवलेल्या भागात करावी.

कोरडा दिसणारा ॲक्रिलिक रंग आतून बरेच दिवस किंचित चिकट राहतो आणि उष्णतेत प्लास्टिकला धरतो. म्हणून मॅट वार्निशचा एकच अतिशय पातळ थर देऊन कार्ड काही दिवस धूळ बसणार नाही अशा जागी उघडे ठेवावे. स्लीव्ह पॉलिप्रॉपिलीनचे घ्यावे, पीव्हीसीचे घेऊ नये. पहिल्यांदा कार्ड आत सरकवल्यावर दुसऱ्या दिवशी बाहेर काढून रंग कुठे धरला आहे का ते पाहावे. धरला असेल, तर ओढून न काढता स्लीव्हची कड कापून ते अलगद मोकळे करावे.