स्वतःबद्दल चार ओळी लिहायच्या तर कुठनं सुरू करायचं

सांगलीत माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं छोटं दुकान आहे, आणि नोकरीचा बायोडाटा करून द्या म्हणून आठवड्याला पाच-सहा जण तरी येतात. नाव, पत्ता, दहावी-बारावीचे टक्के सगळं पटापट सांगतात, आणि स्वतःबद्दल काय लिहू विचारलं की एकदम गप्प. मग म्हणतात ताई तुम्हीच लिवा की काहीतरी चांगलं, मेहनती, प्रामाणिक, असलं. ते मी लिहीत नाही. कारण रांगेत मागं बसलेल्याच्या कागदावर पण तेच असतं, आणि वाचणाऱ्याला त्यातनं माणूस काही कळत नाही. म्हणून मी लोकांना जे विचारते ते इथं लिहून ठेवतेय, घरी बसून तुम्हाला तुमचं करता येईल.

मागच्या वर्षी आटपाडीकडचा एक पोरगा आला होता, सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. कागदावर लिहून आणलेलं, अनुभव: दोन वर्षे, सीएनसी ऑपरेटर, कुपवाड एमआयडीसी. बस्स. (सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन.) म्हटलं त्याच्या आधी काय केलंस, तर म्हणाला काय नाही, असंच. खोदून विचारल्यावर कळलं की बारावीनंतर तीन वर्षं तो मामाबरोबर तमिळनाडूत गलाईच्या दुकानात होता. आपल्या विटा-आटपाडी-खानापूर भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पसरलीत, त्यातलाच एक. नंतर घरी परत आला आणि दीड वर्ष गावातल्या दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ उभा राहिला, दुधातलं फॅट मोजायचं, वजन लिहायचं, दहा दिवसाचं बिल करायचं. हे सगळं त्यानं "असंच" या एका शब्दात गुंडाळून टाकलेलं. मला खरंच वाईट वाटलं.

त्याला म्हटलं बघ, तीन ठिकाणी तू एकच काम केलंयस. गलाईत सोन्याचं वजन आणि शुद्धता, डेअरीत दुधाचं फॅट, कुपवाडला जॉबचं, म्हणजे मशीनवर तयार झालेल्या भागाचं, माप. वर्निअरवर ०.०२ मिलिमीटर बघायचं, मायक्रोमीटरवर ०.०१. मोजमाप करायचं आणि ते समोरच्याला मान्य होईल असं करायचं, कारण सोनंवाला असो नाहीतर म्हशीवाला, माप कमी निघालं की भांडण तुझ्याशीच. मग आम्ही लिहिलं ते असं:

"मी गेली साडेसहा वर्षं मोजमापाचं काम करतोय. तीन वर्षं सोन्याचं वजन आणि शुद्धता, दीड वर्ष दुधाचं फॅट आणि शेतकऱ्यांची बिलं, आता दोन वर्षं सीएनसीवर टर्निंग आणि तयार जॉबची तपासणी. तमिळ बोलता येतं. हिशोब रोजचा रोज पूर्ण करतो."

यात मेहनती शब्द नाही, प्रामाणिक शब्द नाही, आणि दोन्ही दिसतात.

तर पहिलं काम हेच. कोरा कागद घ्या आणि आजपर्यंत जे जे केलं ते सगळं लिहा, पगार मिळाला असो वा नसो. उसाच्या सीझनला काट्यावर पावत्या फाडल्या, काकाच्या मेडिकलमधे बसला, गणपती मंडळाची वर्गणी आणि खर्चाची वही सांभाळली, द्राक्षाच्या बागेत औषध फवारणीची नोंद ठेवली, सगळं. लाजू नका. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहायच्या: हातानं नेमकं काय करत होता, किती (रोज किती माणसं, किती लिटर, किती पोती), आणि चूक झाली असती तर कुणाचं नुकसान झालं असतं. तिसरा प्रश्न लोक सोडून देतात, पण जबाबदारी कळते ती तिथनंच.

मग सारखी कामं एकत्र करायची. माणसांशी बोलायची एकीकडं, हिशोबाची एकीकडं, हाताच्या कसबाची एकीकडं. चार-पाच ठिकाणी थोडं थोडं काम केलेला माणूस बायोडाट्यात वर्षाच्या क्रमानं मांडला की तो कुठं टिकत नाही असं वाटतं, आणि तोच कामाच्या जातीप्रमाणं मांडला की त्याला काय काय येतं ते दिसतं. तारखा खाली एका एका ओळीत द्यायच्या, लपवायच्या नाहीत. पीएफ कापला जात असेल तर यूएएन नंबरवरून (पीएफचा कायमचा नंबर) आधी कुठं कधी लागला, कधी सोडलं ते दिसतं, त्यामुळं महिने पुढंमागं करण्यात अर्थ नाही.

माझंच सांगते. लग्नाआधी दोन सीझन तासगावकडं बेदाण्याच्या शेडवर निवडायला होते, हिरवा, पिवळा, काळा वेगळा करायचा, बारीक वेगळा, देठ राहिला तर काढायचा. चार किलो द्राक्षाचा साधारण एक किलो बेदाणा होतो, म्हणून खराब दाणा चांगल्यात गेला की शेतकऱ्याचा भाव पडतो हे तिथं कळलं. मग मिरजेत एका हॉस्पिटलमधे रिसेप्शनला चार वर्षं, तिथं कर्नाटकातनं येणारे पेशंट, त्यामुळं कन्नड कामापुरतं आलं. मग हे दुकान. दाणा न् दाणा बघायची सवय अजून उपयोगी पडते, लोकांच्या अर्जातली नावाची स्पेलिंग मी तशीच बघते.

मधे काम बंद असेल तर तेही साधं लिहा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटाच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे, आमच्या गल्लीत दुकानं बुडली, माझं मशीन गेलं आणि तीन महिने दुकान बंद होतं. लोक असे महिने खोटं बोलून भरतात. "पुरामुळे तीन महिने काम बंद, नंतर त्याच जागी पुन्हा सुरू" एवढं पुरे. सासूबाईंच्या आजारपणात दोन वर्षं घरी होता तर तेच लिहा, त्यात कमीपणा काय?

स्वभाव लिहायला सगळ्यात अवघड जातो, कारण स्वतःचा स्वभाव आतनं दिसत नाही. मी एकच विचारते, आजवर कुणी कुणी तुमच्याकडं चावी दिली? दुकानाची, गल्ल्याची, गोडाऊनची, शेजारच्यांच्या घराची. चावी कुणी उगाच देत नाही. नसेल आठवत तर तुमच्याबरोबर काम केलेल्या तिघांना फोन करा, घरचे नकोत, आणि विचारा, मी रजेवर असलो की काय अडतं? एका बाईला तिघींनी एकच उत्तर दिलं, तू नसलीस की नवीन पोरींना कोण शिकवणार. ती स्वतःला फक्त शिलाई मशीनवरची समजत होती. तिच्या कागदावर पहिली ओळ तीच गेली.

कौशल्यात नुसतं एमएस-सीआयटी लिहून भागत नाही, ते निम्म्या लोकांचं झालेलं असतं. एक्सेलमधे काय करता ते लिहा. टायपिंग असेल तर भाषा आणि मिनिटाला शब्द किती ते लिहा, मराठी ३०, इंग्रजी ४० असं.

आवडीनिवडी थोड्यात पण खऱ्या. वाचन, संगीत, प्रवास हे तीन शब्द मी खोडते. मिरजेचा माणूस "संगीत" लिहितो तेव्हा समोरचा विचारणारच, की बाबा काय ऐकतोस. दर्ग्याच्या उरुसात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ सभा होते, तिथं दरवर्षी रात्रभर बसत असाल तर तसंच लिहा की. नाटकाची आवड असेल तर लाईट लावता का सेट उभा करता ते सांगा, विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सांगलीत नाटक केलं तेव्हापासनं आपल्याकडं नाटकवाल्यांची कमी नाही, त्यात तुम्ही नेमके कुठले ते कळू दे.

इंटरव्ह्यूला हेच तोंडी सांगायचं असतं. आत्ता काय करता तिथनं सुरुवात, मग मागचं, मग ही नोकरी का पाहिजे, एका मिनिटात. आधी मराठीत मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि ऐका, जिथं तुम्हालाच खोटं वाटेल ते काढून टाका. इंग्रजीत लागणार असेल तर त्यानंतर करायचं, पाठ केलेल्या इंग्रजीत माणूस दुसराच वाटायला लागतो.

कागद एक पानाचा ठेवा. लगेच देऊ नका, एक रात्र जाऊ दे, सकाळी मोठ्यानं वाचा. आणि मोबाईल नंबर दुसऱ्या कुणाकडनं तरी आकडा आकडा वाचून घ्या. माझ्या हातनं एकदा एका मुलीच्या नंबरातला एक आकडा चुकला, कंपनीतनं तिला फोन लावलेला हे तिला दोन महिन्यांनी ओळखीतनं कळलं. तेव्हापासनं मी नंबर टाईप केला की समोर बसलेल्याला त्यावर फोन लावायला लावते, त्याचा मोबाईल वाजला की मगच प्रिंट.