क्रेडिट रिपोर्टमधील प्रतिकूल नोंदी कशा दुरुस्त कराव्यात

कर्जाचा अर्ज ‘सिबिल खराब आहे’ एवढ्या एका वाक्यावर परत आला, की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण हताश होऊन विषय सोडून देतात, तर काही जण ‘सिबिल साफ करून देतो’ असे सांगणाऱ्या एखाद्या मध्यस्थाच्या हाती पैसे ठेवतात. या दोन्हींपूर्वी एक भेद समजून घेणे आवश्यक आहे. क्रेडिट रिपोर्टमधील, म्हणजे आपल्या कर्जांच्या व त्यांच्या परतफेडीच्या अहवालातील, चुकीची नोंद दुरुस्त करून घेणे हा आपला कायदेशीर हक्क असून त्यासाठी कोणतेही शुल्क लागत नाही. खरी नोंद मात्र कोणालाही पुसून देता येत नाही, तिची स्थिती फक्त परतफेडीने बदलते आणि तिचा परिणाम काळाबरोबर कमी होत जातो. पुढील सर्व पायऱ्या या भेदावर आधारलेल्या आहेत आणि त्या भारतातील वैयक्तिक कर्जदारांना लागू होणाऱ्या नियमांनुसार दिल्या आहेत.

पहिली पायरी : चारही कंपन्यांचे अहवाल मिळवा

‘सिबिल’ हा शब्द आपल्याकडे क्रेडिट रिपोर्टलाच रूढ झाला असला, तरी भारतात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत आणि २००५ च्या पतमाहिती कंपन्या (विनियमन) कायद्याखाली त्या काम करतात. बँका व वित्तसंस्थांना या चारही कंपन्यांना माहिती द्यावी लागते. त्यामुळे एखादी चूक एका अहवालात असेल आणि दुसऱ्यात नसेल, किंवा एका ठिकाणी दुरुस्त होऊन दुसऱ्या ठिकाणी तशीच राहील, असे घडू शकते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०१७ पासून प्रत्येक कंपनीने प्रत्येक व्यक्तीला दर कॅलेंडर वर्षात एक संपूर्ण अहवाल विनामूल्य देणे बंधनकारक आहे. तो थेट त्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. एखाद्या ॲपवर दिसणारा नुसता स्कोअर, म्हणजे आपली पत दाखवणारा आकडा, या कामासाठी उपयोगाचा नाही, कारण कोणत्या खात्यामुळे तो घसरला हे त्यावरून कळत नाही. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही, त्यामुळे ही भीती मनातून काढून टाकावी.

दुसरी पायरी : अहवाल ओळीओळीने वाचा

आधी वैयक्तिक माहिती तपासा : नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते आणि मोबाइल क्रमांक. ही माहिती वरवरची वाटते, पण दुसऱ्याच व्यक्तीचे कर्ज आपल्या अहवालात शिरण्याचे मूळ पुष्कळदा इथेच असते. एका ठिकाणी आडनाव आधी, दुसऱ्या ठिकाणी वडिलांचे किंवा पतीचे नाव गाळलेले, लग्नानंतर बदललेले नाव निम्म्याच कागदपत्रांवर लागलेले, त्यात पॅनचे एखादे अक्षर चुकलेले, अशा परिस्थितीत दोन व्यक्तींच्या नोंदी एकत्र होऊ शकतात.

त्यानंतर प्रत्येक खाते पाहा. सिबिलच्या अहवालात गेल्या ३६ महिन्यांपर्यंतचा परतफेडीचा इतिहास महिन्यानुसार दिलेला असतो आणि त्यातील आकडा हप्ता किती दिवस थकला होता ते सांगतो. ‘०००’ म्हणजे थकबाकी नाही, ‘०३०’ म्हणजे तीस दिवसांचा उशीर, आणि ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने कळवलीच नाही. काही बँका आकड्यांऐवजी कर्जाचा वर्ग कळवतात : ‘एसटीडी’ म्हणजे नियमित, ‘एसयूबी’, ‘डीबीटी’ आणि ‘एलएसएस’ हे अनुत्पादक कर्जाचे उत्तरोत्तर गंभीर होत जाणारे वर्ग. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की कर्ज अनुत्पादक ठरते, म्हणून एकदा तीस दिवसांचा उशीर होणे आणि नव्वदची रेषा ओलांडणे यांत फार मोठे अंतर आहे.

खात्याची स्थिती सांगणारे शब्द विशेष लक्ष देऊन वाचावेत. ‘क्लोज्ड’ म्हणजे पूर्ण परतफेड होऊन बंद झालेले खाते. ‘सेटल्ड’ म्हणजे बँकेने येणे रकमेपेक्षा कमी रक्कम घेऊन तडजोड केलेले खाते. ‘रिटन ऑफ’ म्हणजे बँकेने आपल्या हिशेबातून निर्लेखित केलेले कर्ज; याचा अर्थ कर्ज माफ झाले असा होत नाही, कारण वसुलीचा हक्क बँकेकडे कायम असतो. ‘सूट फाइल्ड’ म्हणजे वसुलीसाठी दावा दाखल झालेला आहे. आपण कोणाला जामीन राहिलो असलो, तर ते कर्जही आपल्या अहवालात दिसते, आणि हे अनेकांना अर्ज नाकारला जाईपर्यंत ठाऊक नसते.

तिसरी पायरी : चुकीच्या आणि खऱ्या नोंदी वेगळ्या करा

एका कागदावर दोन याद्या करा. चुकीच्या नोंदींच्या यादीत पुढील प्रकार प्रामुख्याने आढळतात : फेडलेले कर्ज अजून चालू किंवा थकीत दाखवणे, एकच कर्ज दोनदा दिसणे, वेळेवर भरलेला हप्ता उशिरा दाखवणे, आपण न घेतलेले कर्ज आपल्या नावावर असणे, आणि कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (थकीत कर्जे विकत घेऊन वसूल करणाऱ्या कंपनीला) विकल्यानंतर जुन्या बँकेच्या व नव्या कंपनीच्या अशा दोन्ही नावांनी तीच थकबाकी दिसणे.

क्रेडिट कार्डाचे प्रकरण थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे. वापर थांबवलेले कार्ड रीतसर बंद केले नाही, तर वार्षिक शुल्क लागते, ते न भरल्याने त्यावर व्याज व दंड चढतो, आणि काही शे रुपयांच्या रकमेसाठी कित्येक महिने थकबाकीची नोंद होत राहते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांनुसार कार्ड कार्यान्वित होण्यापूर्वी त्याची माहिती पतमाहिती कंपन्यांना देता येत नाही, आणि देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ रक्कम थकली तरच खाते थकीत म्हणून कळवता येते. म्हणून कधीच सुरू न केलेल्या कार्डाची थकबाकी दिसत असेल, तर तिच्यावर निश्चितपणे हरकत घ्यावी.

चौथी पायरी : पुरावे जमवा

तक्रार टिकते ती कागदांवर. प्रत्येक चुकीच्या नोंदीसाठी वेगळा संच तयार करावा. फेडलेल्या कर्जासाठी बँकेचा बेबाकी दाखला, म्हणजेच नो ड्यूज प्रमाणपत्र, आणि कर्जखात्याचा शेवटपर्यंतचा उतारा लागतो. हप्त्याच्या तारखेच्या वादासाठी ज्या बचत खात्यातून हप्ता गेला त्याचे त्या महिन्याचे विवरण पुरते. दाखला हरवला असेल तर बँकेकडे लेखी अर्ज करून नव्याने मागावा. कर्ज विकले गेले असेल तर दाखला सध्याच्या धनकोकडून घ्यावा लागतो, मूळ बँकेकडून नव्हे.

आपण न घेतलेले कर्ज दिसले, तर तो ओळखचोरीचा प्रकार असू शकतो. अशा वेळी विलंब न लावता १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी, तिची पोच जपून ठेवावी आणि धनकोकडे कर्जाचा अर्ज, जोडलेली कागदपत्रे व रक्कम ज्या खात्यात जमा झाली त्याचा तपशील लेखी मागावा. ‘थोडीच रक्कम आहे, भरून टाकू’ असा विचार करू नये, कारण ती रक्कम भरल्याने कर्ज आपलेच होते असा अर्थ निघू शकतो.

पाचवी पायरी : दोन्हीकडे तक्रार नोंदवा

पतमाहिती कंपनी माहिती साठवते, निर्माण करत नाही. बँकेने दुजोरा दिल्याशिवाय तिला खात्यातील आकडा किंवा शब्द बदलता येत नाही. म्हणून माझ्या मते खरे दार बँकेचे आहे, आणि तक्रार पतमाहिती कंपनीच्या ऑनलाइन अर्जाद्वारे व त्याच दिवशी बँकेच्या तक्रार निवारण विभागाकडे ईमेलनेही केलेली उत्तम. ऑनलाइन अर्जात अहवालाचा क्रमांक, खाते आणि नेमकी चूक असलेला रकाना निवडायचा असतो. बँक तपशील किंवा यूपीआय आयडी विचारला जातो, तोही भरावा. त्याचे कारण पुढे येते.

पत्र भावनिक नसावे आणि लांबही नसावे. नमुन्यादाखल पुढील मजकूर वापरता येईल :

‘माझे वरील क्रमांकाचे वैयक्तिक कर्ज दिलेल्या तारखेस पूर्णपणे फेडले असून आपण दिलेला बेबाकी दाखला सोबत जोडला आहे. असे असूनही माझ्या क्रेडिट रिपोर्टमध्ये हे खाते थकीत दाखवले जात आहे. कृपया खात्याची स्थिती “क्लोज्ड” आणि शिल्लक शून्य अशी दुरुस्त करून चारही पतमाहिती कंपन्यांना कळवावी आणि केलेल्या कारवाईची लेखी माहिती मला द्यावी. दुरुस्ती नाकारायची असल्यास तिची कारणे लेखी कळवावीत.’

शेवटचे वाक्य गाळू नये. दुरुस्तीची विनंती नाकारल्यास कारणे कळवणे बँकेवर बंधनकारक आहे आणि पुढील टप्प्यावर तोच कागद उपयोगी पडतो.

सहावी पायरी : तीस दिवस मोजा

तक्रार दाखल झाल्यापासून तीस कॅलेंडर दिवसांत तिचे निवारण व्हायला हवे. त्यांपैकी पहिल्या एकवीस दिवसांत बँकेने दुरुस्त माहिती पतमाहिती कंपनीकडे पाठवायची असते. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेल्या आणि एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आदेशानुसार तीस दिवसांत निवारण झाले नाही, तर त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते. बँकेने एकवीस दिवसांची मुदत चुकवली असेल तर ती बँकेने द्यायची, आणि बँकेने वेळेत माहिती पाठवूनही काम रखडले असेल तर पतमाहिती कंपनीने. निवारण झाल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत ही रक्कम खात्यात जमा व्हायला हवी. मात्र स्कोअर कसा काढला याविषयीच्या तक्रारीला ही भरपाई लागू नाही. तक्रार माहितीच्या चुकीची असली पाहिजे. भरपाईची रक्कम मोठी नसली, तरी तक्रार करताना या आदेशाचा उल्लेख अवश्य करावा, कारण त्यामुळे दिवस मोजले जात आहेत हे समोरच्याला कळते.

सातवी पायरी : लोकपालाकडे जा

तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार करता येते. पतमाहिती कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून या योजनेच्या कक्षेत आल्या आहेत. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस (तक्रार व्यवस्थापन प्रणाली) पोर्टलवर करायची असते, तिला शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही. मार्गदर्शनासाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आधी बँकेकडे किंवा पतमाहिती कंपनीकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा नसेल, तर लोकपालाकडील तक्रार फेटाळली जाते, म्हणून पाचव्या पायरीतील तक्रार क्रमांक आणि ईमेल जपून ठेवणे फार महत्त्वाचे आहे.

खऱ्या प्रतिकूल नोंदींचे काय करावे

दुसऱ्या यादीतील नोंदींसाठी हरकत अर्ज करण्यात वेळ घालवू नये, कारण बँक नोंद खरी असल्याचे सांगेल आणि विषय तिथेच थांबेल. आधी थकीत रक्कम भरावी आणि स्थिती बदलून घ्यावी. बँकांनी १ जानेवारी २०२५ पासून किमान दर पंधरवड्याला माहिती कळवणे बंधनकारक झाल्याने बदल पूर्वीपेक्षा लवकर दिसू लागले आहेत.

सर्वांत अवघड प्रश्न ‘सेटल्ड’ नोंदीचा आहे. वसुली करणारे प्रतिनिधी ‘एवढे भरा, खाते बंद करतो’ असे सांगतात. कर्जदार ‘बंद’ हा शब्द ऐकून पैसे भरतो, आणि काही वर्षांनी घरकर्ज मागायला गेल्यावर त्याला कळते की अहवालात खाते बंद नाही, तडजोडीने मिटलेले दिसते. नवा धनको त्याचा अर्थ या व्यक्तीने पूर्ण पैसे फेडले नाहीत असाच लावतो. जी तडजोड अजून झालेली नाही, ती शक्य असेल तोवर टाळावी आणि थोड्या अधिक मुदतीत का होईना, पूर्ण रक्कम फेडण्याची मागणी करावी. आजार किंवा नोकरी जाणे अशा कारणाने तडजोडीवाचून गत्यंतर नसेल, तर त्यात कमीपणा मानू नये, परंतु पैसे भरण्यापूर्वी खाते कोणत्या शब्दाने कळवले जाईल हे बँकेकडून लेखी घ्यावे. तडजोड आधीच झाली असेल, तर बँकेला पत्र लिहून उरलेली रक्कम विचारावी आणि ती भरल्यास खाते ‘क्लोज्ड’ म्हणून कळवण्याची लेखी तयारी मागावी. असे करणे बँकेच्या मर्जीवर अवलंबून असले, तरी मागणी जरूर करावी, आणि लेखी होकार येईपर्यंत पैसे भरू नयेत. हीच पद्धत निर्लेखित खात्यालाही लागू पडते.

‘सात वर्षांनी नोंद आपोआप जाते’ हा समज बराच पसरलेला आहे, परंतु पतमाहिती किमान सात वर्षे जपावी असे नियम सांगतो; सात वर्षांनी ती काढलीच पाहिजे, असे तो सांगत नाही. वसुलीच्या दाव्याची कायदेशीर मुदत उलटल्यानेही नोंद पुसली जात नाही, कारण त्या मुदतीचा संबंध न्यायालयात दावा करण्याशी आहे. मधल्या काळात चालू असलेले हप्ते वेळेवर भरत राहावेत, कार्डाच्या मर्यादेचा थोडाच भाग वापरावा आणि नकार मिळाल्यावर लगेच चार ठिकाणी नवे अर्ज करू नयेत, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते.

मध्यस्थांविषयी एवढेच सांगतो की वर दिलेल्या मार्गांपलीकडे त्यांच्याकडे कोणताही गुप्त मार्ग नसतो. जो खरी नोंद पुसून देण्याची हमी देतो, आणि त्यासाठी पॅन, आधार व ओटीपी मागतो, त्याच्याकडून नव्या फसवणुकीचा धोका असतो.

दुरुस्ती झाल्याचा संदेश आला तरी फाइल बंद करू नये. महिन्याभराने अहवाल पुन्हा काढून दुरुस्त केलेली ओळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, उरलेल्या तीन कंपन्यांच्या अहवालांतही तीच स्थिती दिसते का हे तपासावे, आणि बेबाकी दाखला, तक्रारीची पोच व दुरुस्त अहवाल यांच्या प्रती एकत्र ठेवाव्यात, कारण बँकांच्या विलीनीकरणात किंवा संगणक प्रणाली बदलताना जुनी चूक पुन्हा वर आली, तर तेच कागद पुन्हा दाखवावे लागतात.