दूरशिक्षणात पहिल्यांदाच शिकवायला लागताय? मग थोडं अनुभवातलं

वर्गात शिकवायची सवय असलेला माणूस दूरशिक्षणात आला की पहिले काही दिवस त्याला आपण बेकार झालोय असंच वाटतं. पुस्तक आधीच लिहून झालेलं असतं, व्हिडिओ दुसऱ्याच कुणीतरी रेकॉर्ड केलेले असतात, परीक्षेचा पेपर तिसराच काढणार, मग आपण नक्की करायचं काय? म्हणून नवीन लोक काय करतात तर ऑनलाइन सेशनमध्ये तेच पुस्तक परत दीड तास शिकवत बसतात. ते करू नका हो. समंत्रक म्हणा नाहीतर ट्यूटर म्हणा, तुमचं खरं शिकवणं दोनच ठिकाणी होतं, तपासून परत पाठवलेल्या स्वाध्यायात, आणि जो विद्यार्थी अजून काहीच पाठवत नाही त्याला शोधून काढण्यात. बाकी सगळं त्यानंतर.

हे काही माझं डोकं नाही. १८४० च्या दशकात इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन टपालाने शॉर्टहँड शिकवायचा, विद्यार्थी मजकूर लघुलिपीत उतरवून पाठवायचे आणि तो दुरुस्त करून परत पाठवायचा. शिकायला नुसतं पुस्तकही पुरलं असतं की, पण लोकांना हवी होती ती दुरुस्ती. नंतर रेडिओ आला, टीव्ही आला, ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी १९६९ ला स्थापन झालं आणि १९७१ पासून बीबीसीवर त्यांचे कार्यक्रम सुरू झाले, पण त्यांनीसुद्धा नुसत्या टीव्हीवर भरवसा ठेवला नाही, ट्यूटर नेमले आणि त्यांनी तपासायचे स्वाध्याय हा कोर्सचा कणाच ठेवला.

तर आधी तपासण्याबद्दल. वर्गात तुम्ही 'हे चुकलं' म्हणालात तरी चेहरा बघून लगेच सावरून घेता येतं, इथे तसं नाही, तुमची लाल अक्षरातली एक ओळ तो माणूस रात्री कामावरून आल्यावर एकटा वाचणारे आणि तिच्यावर पुढचे काही आठवडे विचार करणारे. 'अस्पष्ट', 'अजून विस्तार हवा', 'विषय सोडून' असल्या शेऱ्यांचा त्याला काडीचा उपयोग नाही. काय अस्पष्ट? कुठे विस्तार? त्यापेक्षा लिहा, 'दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही कारण दिलंय पण उदाहरण नाही, तुमच्या स्वतःच्या ऑफिसातलं एखादं टाका.' आणि सगळ्या चुका दाखवायच्या नसतात, हे मी दहादा सांगीन. पानभर लाल केलेला पेपर माणूस उघडून बंद करतो. मोठ्या दोन किंवा तीन गोष्टी निवडा, आणि त्यातली एक तरी अशी हवी की जी पुढच्या स्वाध्यायात लगेच वापरता येईल. म्हणूनच पेपर पुढच्या डेडलाइनच्या आधी परत जायला हवा, नंतर गेला तर कितीही छान शेरे लिहा, तो फक्त मार्क बघणार. टायपिंगचा कंटाळा येत असेल तर दोन-तीन मिनिटांचा ऑडिओ रेकॉर्ड करून पाठवा, आवाजामुळे कडू गोष्टही जरा सौम्य लागते.

आता गप्प बसणारे. प्रश्न विचारणारे, ग्रुपवर रोज मेसेज टाकणारे, सेशनला पहिल्या रांगेत (म्हणजे कॅमेरा ऑन करून) बसणारे, यांची काळजी करू नका, ते तुमच्याशिवायही पास होतात. गळती होते ती सुरुवातीलाच आणि आवाज न करता. पुस्तकं आली, पॅकेट तसंच राहिलं, पहिल्या स्वाध्यायाची तारीख गेली, मग लाज वाटायला लागली, मग लाजेपोटी मेल उघडणंच बंद. म्हणून पहिला स्वाध्याय न आलेल्यांची यादी ही तुमच्या टेबलावरची सगळ्यात महत्त्वाची यादी, परीक्षेच्या निकालापेक्षाही. मूडलसारख्या ऑनलाइन अभ्यासाच्या सिस्टीमवर शेवटचं लॉगिन कधी केलंय ते दिसतं, ते आठवड्यातून एकदा बघायची सवय लावा, आणि तारीख जायच्या आधी फोन करा, नंतर नाही.

फोनवर काय बोलायचं हा प्रश्न सगळेच विचारतात. 'काही अडचण आहे का?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं, 'नाही सर, चालू आहे.' संपलं! त्याऐवजी विचारा, 'कितव्या घटकावर आहात?' पान नंबर विचारा. मग खरं बाहेर येतं, की पहिलाच घटक जड गेला, की पासवर्डच चालत नाही (हे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा खूपदा निघतं), की घरात कुणी आजारी आहे. आणि फोन ठेवायच्या आधी एकच छोटं काम ठरवा, रविवारपर्यंत फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर, तेही कच्चं चालेल, मला पाठवा.

वेळेचा हिशोब पण पहिल्याच सेशनला मांडा, यात लाजू नका. क्रेडिट म्हणजे नुसता मार्कशीटवरचा आकडा असं बऱ्याच जणांना वाटतं. भारतातल्या मुक्त विद्यापीठांत १ क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास धरतात, युरोपच्या ईसीटीएस या क्रेडिट पद्धतीत २५ ते ३० तास, ब्रिटनमध्ये १० तास. म्हणजे ३० तासांच्या हिशोबाने ४ क्रेडिटचा एक विषय झाला १२० तासांचा, आणि असे चार विषय एका सत्रात घेतले तर आठवड्याला किती तास पडतात ते विद्यार्थ्यालाच कागदावर काढायला लावा, नोकरी आणि लहान मूल सांभाळून ते बसतंय का ते त्यालाच दिसेल. काही जण तिथेच दोन विषय कमी करतात, आणि ते हुशारीचंच आहे.

लाइव्ह सेशनबद्दल फार बोलत नाही. रेकॉर्डिंग नक्की ठेवा, शिफ्टवाले लोक येऊ शकत नाहीत. कॅमेरा ऑन करा म्हणून मागे लागू नका, डेटा कमी असतो, मागे घरातली माणसं असतात. माइकवर न बोलणारा माणूस चॅटमध्ये लिहितो, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी सगळ्यांनी एक ओळ टाइप करायची असं काहीतरी द्या आणि त्या ओळी मोठ्याने वाचा. स्वतः व्हिडिओ बनवणार असाल तर लहान बनवा. २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर व्हिडिओ बघण्याच्या ६९ लाख सत्रांचा अभ्यास झाला होता, त्यात लोक साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नव्हते. आणि पुस्तकाचे फोटो काढून त्याची पीडीएफ टाकू नका, दृष्टिहीन विद्यार्थ्याला मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्या फोटोतलं अक्षरही वाचत नाही, मजकूर निवडता येतो अशी फाइल द्या.

चॅटजीपीटीवरून उतरवलेले स्वाध्याय येणारच. पकडणाऱ्या सॉफ्टवेअरवर माझा अजिबात विश्वास नाही, ते प्रामाणिक माणसालाही चोर ठरवतं. प्रश्न बदलणं जास्त कामाचं, तुमच्या कामाच्या जागेवर हे तत्त्व कुठे दिसतं, कुठे दिसत नाही, असं विचारा, आणि शंका आली तर पाच मिनिटं फोनवर त्याच उत्तराबद्दल गप्पा मारा. स्वतः लिहिलेला माणूस खुलतो.

व्हॉट्सॲप ग्रुप काढलात तर पहिल्याच दिवशी वेळ सांगा, अमुक ते अमुक उत्तर देईन. रात्री साडेअकराला एकदा उत्तर दिलंत की तीच वेळ ठरते. आणि कुणी खूप खचल्यासारखं, जगण्याबद्दलच निराश बोलायला लागलं तर ऐकून घ्या, पण एकट्याने निभवायला जाऊ नका, त्याच दिवशी विद्यापीठाच्या समुपदेशकांशी किंवा हेल्पलाइनशी जोडून द्या, तो नंबर तुमच्या फोनमध्ये आधीपासून सेव्ह असू दे.

सोडून जायचं म्हणणारा विद्यार्थीही भेटेल. त्याला लगेच जिद्दीचं भाषण देऊ नका, कधीकधी त्या वर्षी थांबणंच बरोबर असतं. त्याला नियम सांगा, नोंदणी किती वर्षं चालते, पास झालेल्या विषयांचे क्रेडिट राहतात का, परत यायचं तर फॉर्म कधी भरायचा. तुमच्या विद्यापीठाचे हे नियम रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात ऑफिसातून लिहून घ्या, कारण तो विचारत असताना तुम्ही 'बघून सांगतो' म्हणालात की तो परत फोन करत नाही.