टाळेबंदीत छळ सोसणाऱ्या शेजारणीला मदत कशी करावी

साथीच्या काळात मारहाण करणारा माणूस दिवसभर घरातच असतो, माहेरची वाट बंद असते आणि फोन त्याच्या देखत घ्यावा लागतो. म्हणून ‘काही झाले तर फोन कर’ हा सल्ला अशा वेळी कुचकामी ठरतो. २०२० च्या टाळेबंदीत कोल्हापुरातल्या राजारामपुरीतील आमच्या शेजारच्या मुलीला मी हेच सांगितले होते, आणि तिचा फोन सहा दिवस नवऱ्याच्या खिशात होता. याची खंत मला आजही आहे.

म्हणून आधी खूण ठरवावी. ती मुलगी सकाळी दुधाला तेवढी बाहेर पडत असे. किटलीचे झाकण उलटे असेल तर रात्री त्रास झाला, आणि किटलीऐवजी कापडी पिशवी असेल तर पोलिसांना कळवायचे, असे आम्ही नंतर ठरवले. कोणत्या खुणेवर काय करायचे, हे मात्र तिनेच ठरवावे. आपल्या उतावीळपणाचा मार तिला खावा लागतो.

आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुक आणि मुलांचे जन्मदाखले यांच्या झेरॉक्स प्रती आपल्या घरी ठेवून घ्याव्यात. ती कोणाकडे राहणार, हेही आधीच बोलून ठेवावे, कारण संसर्गाच्या भीतीने सख्खे भाऊसुद्धा ऐन वेळी दार उघडायला कचरतात.

जिवावर बेतले तर पोलिसांच्या मदतीसाठी ११२, सल्ल्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन. जखम असल्यास सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात न्यावे आणि ‘जिन्यावरून पडले’ न म्हणता कोणी मारले हे केसपेपरवर लिहून घ्यावे. तक्रार नोंदवलेली नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

२००५ च्या घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला) कोणीही माहिती देऊ शकते, आणि ती सद्‌भावनेने दिली असेल तर देणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. ‘आपण कशाला मध्ये पडा’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले, तरी त्यात राहण्याचा हक्क तिला आहे. सासर इचलकरंजीचे असून ती गडहिंग्लजला माहेरी आली असेल, तर अर्ज तिथल्या न्यायालयातही करता येतो. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, त्यासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही.

तिने स्वतःच्या मोबाइलवरून १८१ लावला असेल, तर कॉलच्या यादीतून तो क्रमांक लगेच पुसायला सांगावे.