मटकी, मूग, वालांना घरी मोड आणताना या चुका टाळा

मोड येत नाहीत, कडधान्य बुळबुळीत होते, गाठोडे सोडताच आंबूस वास येतो, अशा निरनिराळ्या तक्रारी ऐकू येतात. या सगळ्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच कारण असते: दाण्याला गरजेपेक्षा जास्त पाणी मिळते आणि हवा मात्र पुरेशी मिळत नाही. कोरडा दाणा पाणी शोषून फुगला की त्याचा श्वासोच्छ्वास वाढतो, तो प्राणवायू घेतो आणि उष्णता बाहेर टाकतो. भिजेपर्यंत त्याला पाणी लागते हे खरे, पण त्यानंतर त्याला हवे असते ते ओलसर आणि हवेशीर वातावरण.

पहिली चूक कडधान्य निवडतानाच होते. डाळीला, मग ती हिरव्या सालीची मूगडाळ का असेना, मोड येत नाहीत, कारण दाणा भरडताना अंकुराचा भाग तुटतो किंवा गळून जातो. अख्खे कडधान्यही फार जुने असेल तर त्याची उगवणक्षमता कमी झालेली असते. शेतकरी पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून त्यांतले किती उगवतात हे पाहतात. घरी एवढे करायची गरज नाही. मूठभर दाणे ओल्या फडक्यात ठेवून निम्मेही उगवले नाहीत तर ते कडधान्य शिजवून किंवा दळून वापरावे. भिजल्यानंतरही खड्यासारखे टणक राहिलेले गणंग, किडके दाणे आणि तुटलेले तुकडे हाताने वेचून काढणे कंटाळवाणे वाटते; परंतु गणंग उसळीत दाताखाली येतात आणि तुटके दाणे गाठोड्यात सर्वांत आधी कुजतात. पेरणीसाठी आणलेले बियाणे मात्र कधीही मोड आणण्यासाठी घेऊ नये. त्याला अनेकदा बुरशीनाशक चोळलेले असते आणि ते कितीही धुतले तरी खाण्याजोगे होत नाही.

भिजवण्याची वेळ ही दुसरी अडचण आहे. मूग आणि मटकीला साधारण 6 ते 8 तास, हरभरा आणि वालांना 10 ते 12 तास पुरतात. दाण्याच्या तिप्पट पाणी घ्यावे, कारण कमी पाण्यात वरचे दाणे अर्धवट भिजतात आणि मोड मागेपुढे येतात. सोयीसाठी सकाळी भिजत घातलेली मटकी दुसऱ्या दिवशी उपसली तर ती पाण्याखाली गुदमरते. पाण्यावर फेस आला, ते गढूळ आणि चिकट झाले की आंबण्याची सुरुवात झाली असे समजावे. विदर्भ-खानदेशच्या उन्हाळ्यात हे फार लवकर घडते, म्हणून तेथे मध्ये एकदा पाणी बदलावे किंवा भांडे फ्रिजमध्ये ठेवावे. मीठ आणि सोडा या पाण्यात घालू नये. मिठामुळे दाण्याला पाणी शोषणे जड जाते आणि सोडा अंकुरास मारक ठरतो.

खरी कसोटी उपसल्यानंतर लागते. रोळीत किंवा चाळणीत कडधान्य घेऊन त्यातले पाणी पूर्ण निथळू द्यावे. गाठोडे बांधून उचलल्यावर खालून थेंब टपकत असेल तर ते अजून निथळलेले नाही. अर्धा किलो मटकी एकाच फडक्यात घट्ट आवळून बांधली आणि काही तासांनी तिच्या मध्यभागी बोट घातले, तर बाहेरचे दाणे गार आणि आतले चक्क कोमट लागतात. ही ऊब दाण्यांच्या श्वासोच्छ्वासाची असते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की आतले दाणे मऊ पडून आंबतात आणि बाहेरच्यांना मात्र छान मोड आलेले दिसतात. म्हणून दोन लहान, सैल गाठोडी करावीत. हवाबंद डब्यात ठेवण्यापेक्षा भोके असलेले भांडे किंवा ओले फडके टाकलेली चाळणी कितीतरी चांगली. दिवसातून दोनदा, उन्हाळ्यात तीनदा, गाठोडे स्वच्छ पाण्यात बुडवून पुन्हा निथळावे. धुतल्याने मोड तुटतील या भीतीने अनेकजण हे टाळतात, पण याच धुण्याने उष्णता आणि चिकटपणा निघून जातो. फडके नवे असेल तर त्याची खळ आधी काढावी, जुने असेल तर उकळून कडक उन्हात वाळवावे.

पावसाळ्यात हवा दमट असल्याने मोड लवकर येतात, पण बिघडण्याची भीतीही तेव्हाच जास्त. श्रावणात बिरड्यासाठी घातलेले वाल म्हणूनच विशेष लक्ष मागतात. त्यांना लांब मोड आणण्याची गरज नसते. टोक जेमतेम बाहेर आले की कोमट पाण्यात टाकून साल सोलावी. थंडीत मोड अडून बसले तर भिजवताना कोमट पाणी घ्यावे आणि गाठोडे उबदार कोपऱ्यात ठेवावे. त्यावर गरम पाणी ओतू नये, त्याने अंकुर मरतो.

मेथी, मोहरी, मुळा किंवा गव्हाला मोड आणताना मुळांभोवती पांढरी लव दिसते आणि ती बुरशी समजून अनेकजण सगळे फेकून देतात. ही मुळांचीच बारीक केसतंतूंची लव असते. ती प्रत्येक मुळावर सारखी असते आणि पाण्यात बुडवताच मुळाला चिकटून दिसेनाशी होते. बुरशी जाळ्यासारखी पसरते, बहुधा न उगवलेल्या दाण्यापासून सुरू होते आणि तिला कुबट वास येतो. बुरशी असेल तर धुऊन वाचवण्याचा प्रयत्न न करता सगळे टाकून द्यावे.

मोड कच्चेच खावेत, हा आग्रह मला पटत नाही. ऊब आणि ओल जशी अंकुराला मानवते तशीच जिवाणूंनाही मानवते आणि ते अनेकदा दाण्यासोबतच आलेले असतात. 2011 साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलाय जिवाणूच्या साथीत पन्नासहून अधिक माणसे दगावली. लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि आजारी माणसे यांना मोड नीट शिजवूनच द्यावेत. राजम्याचे मोड तर कोणीच कच्चे खाऊ नयेत; ते भरपूर पाण्यात खळखळ उकळूनच वापरावेत, कारण त्यातले विषारी द्रव्य नुसत्या भिजवण्याने किंवा मोड आणण्याने जात नाही.

तयार मोड फ्रिजमध्ये ठेवताना शेवटची चूक होते. नुकतेच धुतलेले ओले मोड डब्यात भरले की तळाशी पाणी साचते आणि दुसऱ्याच दिवशी खालचा थर चिकट होतो. ते फडक्यावर पसरून वरचे पाणी सुकू द्यावे, डब्यात खाली कोरडा सुती कपडा घालावा आणि दोन-तीन दिवसांत संपवावेत.