खिशातली ईसीजी पट्टी कशी वापरावी

मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री छातीत दुखणारा रुग्ण येतो, तेव्हा वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाताशी बहुधा ईसीजीचा कागद आणि औषध कंपनीच्या प्रतिनिधीने दिलेली, हृदयाची गती मोजायची पारदर्शक पट्टी एवढेच असते. पट्टी चांगली असते. मात्र ती यंत्रातून कागद सरकण्याच्या वेगावर विसंबून असते.

म्हणून आधी कागदावर छापलेला वेग आणि कॅलिब्रेशनची खूण (एक मिलिव्होल्टला आलेख किती उंच जातो हे दाखवणारा चौकोनी उंचवटा) पाहावी. वेग सेकंदाला २५ मिलिमीटर असेल, तरच पट्टीवरची गती खरी मानावी. आधीच्या पाळीत कुणी वेग ५० करून ठेवला असेल, तर ८० ठोक्यांचा रुग्ण पट्टीवर ४० चा भरतो. खुणेची उंची १० ऐवजी ५ मिलिमीटर असेल, तर २ मिलिमीटर वर गेलेला एसटी (ठोक्याच्या टोकदार लाटेनंतरचा भाग) १ मिलिमीटरच दिसतो आणि छातीवरच्या व्ही-२, व्ही-३ या लीडमध्ये हा फरक हृदयविकाराच्या झटक्याबद्दलचा निर्णय फिरवतो.

पट्टीवरचा बाण आर लाटेच्या (ठोक्यातल्या वर जाणाऱ्या टोकदार लाटेच्या) टोकावर ठेवल्यावर पुढे दोन ठोके मोजायचे की तीन, हे पट्टीवरच लिहिलेले असते. ते न वाचता मोजू नये. नाडी अनियमित असेल तर पट्टी बाजूला ठेवून दहा सेकंदांतील क्यूआरएस (प्रत्येक ठोक्याचा टोकदार भाग) मोजावेत आणि सहाने गुणावे. पट्टी हरवली तरी काही अडत नाही, कारण ३०० ला दोन आर लाटांमधील मोठ्या चौकोनांच्या संख्येने भागले की गती मिळते. अंतरे सारखी आहेत का, हे पाहायला केसपेपरच्या कडेवर पेनने खुणा करून ती कड पुढे सरकवावी. विकतचा कॅलिपर (अंतर मोजायचे दोन टोकांचे साधन) याहून फारसे काही देत नाही.

कपाशीवरील फवारणीच्या हंगामात सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाची विषबाधा झालेले रुग्ण येतात, त्यांच्यात क्यूटी (क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी लाटेच्या शेवटापर्यंतचा काळ) लांबतो. गती ६० ते १०० च्या दरम्यान असताना क्यूटी आर-आर अंतराच्या निम्म्याहून जास्त असेल, तर तो लांबलेला असण्याची शक्यता धरावी. अॅट्रोपिनने (या विषबाधेवरील औषधाने) गती शंभरापुढे नेली की निम्म्याची ही युक्ती चालत नाही. तेव्हा गतीनुसार क्यूटी दुरुस्त करणाऱ्या सूत्राने हिशेब करावा.

रुग्णाला पुढे पाठवताना फोटो काढायचा असल्यास कागद सपाट ठेवून मोबाइल बरोबर वरून धरावा आणि कॅलिब्रेशनची खूण फोटोत येऊ द्यावी. थर्मल कागदावरील आलेख पुसट होतो, म्हणून झेरॉक्स जोडावी, पण पट्टी मात्र मूळ कागदावरच लावावी, कारण झेरॉक्समध्ये चौकोन लहानमोठे होऊ शकतात.